घरच्या जुन्या आंब्याचा हंगाम: पाड लागल्यापासून कलम बांधेपर्यंत

दारात आजोबा-पणजोबांनी लावलेलं आंब्याचं झाड असणं ही एक गोष्ट, आणि त्याचा आंबा चांगल्या स्थितीत पोटभर खायला मिळणं ही दुसरी. झाड धरतं भरपूर. पण काही फळ वाऱ्याने गळतं, काही वटवाघळं आणि खारी नेतात, काही उतरवताना आपटतं, काही अढीत (पिकवायला पेंढ्यात घातलेलं) कुजतं, आणि उरलेलं सगळं एकाच आठवड्यात पिकून घरभर पसरतं. मग ‘झाड आता म्हातारं झालं’ असं म्हणून लोक मोकळे होतात. झाडाचा दोष यात फार थोडा असतो.

कोयीपासून वाढलेलं जुनं झाड, म्हणजे रायवळ आंबा, बहुतेक वेळा आपल्या गुणांचं जगातलं एकमेव झाड असतं. कलमी आंब्याच्या एका जातीची हजारो झाडं असतात आणि ती सगळी जवळपास सारखी वागतात, त्यामुळे त्यांचं वेळापत्रक छापून मिळतं. तुमच्या झाडाचं वेळापत्रक कुठेच छापलेलं नाही. त्याला चीक किती, त्याचा आंबा अढीत किती दिवस घेतो, रंग येतो की हिरवाच पिकतो, हे त्या झाडाकडूनच शिकायचं असतं. एकदा ते कळलं की नासाडी निम्म्याहून कमी होते, असं माझं ठाम मत आहे.

आधी वही घाला

एक साधी वही त्या झाडाच्या नावाने ठेवा. मोहोर दिसला ती तारीख, फळ वाटाण्याएवढं झालं ती तारीख, पहिला पाडाचा (झाडावर पिकून आपोआप पडलेला) आंबा खाली सापडला तो दिवस, उतरवल्याचा दिवस आणि अढीतून पहिला पिका आंबा हाती आला तो दिवस. एवढ्या पाच नोंदी पुरतात. आंब्याला फळ धरल्यापासून तयार व्हायला साधारण ९० ते १२० दिवस लागतात, पण हा आकडा सर्व आंब्यांचा मिळून आहे. दोन-तीन हंगामांच्या नोंदी झाल्या की तुमच्या झाडाचा आकडा आठवड्याच्या फरकाने सांगता येतो, आणि सुट्टी त्याप्रमाणे टाकता येते.

घरातल्या जुन्या माणसांकडून जे कळेल तेही त्याच वहीत उतरवा. झाडाचं नाव काय (साखऱ्या, खोबऱ्या, शेप्या, गोट्या अशी नावं चवीवरून, वासावरून, आकारावरून पडलेली असतात), कोणत्या बाजूचा आंबा आधी पिकतो, कुठली फांदी पोकळ आहे. ही माहिती त्या माणसांबरोबर जाते, म्हणून आजच विचारा.

मोहोर अनेकदा एका वेळी येत नाही. एक लाट येते, दोन-तीन आठवड्यांनी दुसरी येते, आणि मग एकाच झाडावर वेगवेगळ्या वयाची फळं लटकतात. सगळी एका दिवशी काढली की त्यातली बरीच कोवळी निघतात आणि अढीत सुरकुततात. पहिल्या मोहोराच्या फांद्यांना लाल सुतळी बांधून ठेवली तर उतरवताना गोंधळ होत नाही.

जुनी झाडं वर्षाआड धरतात, हेही वहीत दिसेल. ज्या डहाळीने यंदा फळं पोसली तिच्याकडे पुढच्या मोहोरासाठी साठा उरत नाही. हंगामानंतर तिला नवी पालवी उशिरा येते आणि ती मोहोराच्या वेळेपर्यंत जून होत नाही. म्हणजे कमी फळाचं वर्ष हे झाडाच्या विश्रांतीचं वर्ष. भरल्या वर्षी जास्तीचं साठवायची तयारी ठेवायची, एवढाच त्याचा आपल्यासाठी अर्थ.

तयार आंबा ओळखणं

इथे घाई किंवा उशीर झाला की पुढची सगळी मेहनत फुकट जाते. कोवळा आंबा अढीत घातला तर तो पिवळा दिसेलही, पण साल सुरकुतते, गर आंबट आणि पचपचीत राहतो. फार उशीर केला तर फळमाशी, वटवाघळं आणि पहिला वळीव, तिघे मिळून झाड रिकामं करतात. शिवाय काही जातींत झाडावर जास्त जून झालेल्या फळात साका धरतो: बाहेरून सुंदर, आत कोयीजवळ पांढुरका, स्पंजासारखा गर.

पहिली खूण देठाजवळ. कोवळ्या कैरीचे खांदे देठाकडून उतरते असतात. फळ भरत आलं की खांदे वर येतात आणि देठ लहानशा खळग्यात बसल्यासारखा दिसतो. दुसरी खूण रंगाची: गडद, मळकट हिरवा जाऊन फिका, किंचित पिवळसर हिरवा येतो, आणि सालीवरचे ठिपके स्पष्ट होतात. तिसरी खूण म्हणजे पाड. वारा-वादळ नसताना, किडका नसलेला एखादा पिका आंबा आपोआप खाली पडलेला सापडला की झाड सांगतंय, सुरुवात करा. मात्र तो आंबा फोडून पाहा. आत अळी असेल तर तो पाडाचा नाही, माशीने पाडलेला आहे.

खात्रीसाठी दोन चाचण्या. वेगवेगळ्या बाजूंची चार-पाच फळं काढा आणि बादलीभर पाण्यात सोडा. तयार आंबा पाण्यापेक्षा किंचित जड असतो, तो बुडतो, कोवळा तरंगतो. मग त्यातला एक आडवा कापा. सुरी कोयीला अडकली, कोय टणक लागली आणि कोयीभोवतीचा गर पिवळा झालेला दिसला, तर फळ उतरवण्याजोगं आहे. सुरी कोयीतून आरपार गेली तर अजून पंधरा दिवस तरी झाडाखाली येऊ नका.

जाणती माणसं तयारी आण्यांत मोजतात. सोळा आणे म्हणजे झाडावरच पिकायला आलेला. घरी अढी घालायची असेल तर चौदा आण्यांचा आंबा उत्तम. दूरच्या नातेवाइकांना पेटी पाठवायची असेल तर बारा-तेरा आणे चालतील, त्याखाली नको.

परसात इतर जुनी झाडं असतील तर त्यांच्या खुणा थोडक्यात. फणसावर बोटांनी टिचकी मारली की कच्च्याचा आवाज भरीव येतो, तयार झालेल्याचा पोकळ. काटे बसके होतात आणि एकमेकांपासून लांब जातात. चिकूला नखाने हलकं खरवडा: आत हिरवट दिसलं तर थांबा, पिवळसर दिसलं तर काढा. चिंचेचं टरफल गरापासून सुटून खुळखुळायला लागतं. जांभूळ मात्र काढल्यावर पिकत नाही. ते झाडावरच पूर्ण काळं व्हावं लागतं आणि रोजच्या रोज गोळा करावं लागतं.

वर चढण्याआधी

जुनं झाड खालून भक्कम दिसतं, पण त्याच्या आत काय आहे हे चढल्यावर कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. आदल्या दिवशी झाडाभोवती नीट फिरा. पालवी नसलेली फांदी, साल सुटलेली फांदी, बुंध्याशी भुशासारखा लाकडाचा चुरा, खोडावर उगवलेली अळंबी, या सगळ्या धोक्याच्या खुणा आहेत. संशय असलेल्या फांदीवर लांब काठीने ठोका. पोकळ आवाज आला तर तिच्यावर पाय ठेवायचा नाही. जांभळाची फांदी तर हिरवीगार असली तरी ठिसूळ असते, तिच्यावर चढूच नये.

पानं गुंडाळून शिवलेली ओंबिलांची (झाडावरच्या तांबड्या मुंग्यांची) घरटी, मधमाश्यांचं पोळं आणि गांधीलमाश्या कुठे आहेत ते आधी हेरा. ओंबील चावतात जोरात, पण झाडावरच्या किड्यांचा फडशाही तेच पाडतात, म्हणून घरटी जाळण्यापेक्षा तेवढी फांदी सोडून द्यावी. झाडाजवळून विजेची तार जात असेल तर लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची काठी अजिबात वापरू नका आणि त्या बाजूचा आंबा पक्ष्यांसाठी राहू द्या. पावसाने खोड ओलं असेल तर दिवस बदला. चढणाऱ्याला कमरेचा पट्टा आणि जाड दोर हवाच. दोर वरच्या जिवंत, मांडीएवढ्या जाड फांदीला बांधायचा. खाली एक माणूस फक्त त्याच्यावर लक्ष ठेवायला असावा, त्याला आंबे वेचायचं काम देऊ नये.

माझा आग्रह असा की चढणं कमीत कमी असावं. जमिनीवरून किंवा पहिल्या मजबूत फाट्यावर उभं राहून झेल्याने (टोकाला जाळीची पिशवी असलेल्या काठीने) जेवढा आंबा निघेल तेवढा घ्यावा. शेंड्यावरची शेवटची वीस-पंचवीस फळं झाडाला आणि पाखरांना सोडली तर कोणाचंच नुकसान होत नाही.

उतरवणं

फांदी हलवून आंबा पाडणं म्हणजे त्याच क्षणी तो वाया घालवणं. पडलेल्या फळाला वरून काही दिसत नाही, पण अढीत चौथ्या-पाचव्या दिवशी आपटलेल्या जागी काळा, मऊ डाग उमटतो आणि शेजारची फळंही नासायला लागतात.

चांगला झेला म्हणजे लांब, हलकी काठी, टोकाला कडं, कड्याला जाळीची पिशवी आणि देठ कापायला पातं. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘नूतन’ झेला याच तत्त्वावर चालतो आणि त्यात आंबा देठासकट निघतो. घरी झेला बनवायचा असेल तर जाळी मऊ घ्या आणि पिशवी उथळ ठेवा. एका वेळी दोन-तीन फळं पुरेत. खोल पिशवीत वरचा आंबा खालच्यावर आदळतो.

देठ राखणं हा उतरवण्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. देठ फळापासून मुळासकट तुटला की चीक जोरात उडतो. तो सालीवर ओघळला की तिथली साल भाजते, काळी रेघ पडते, आणि तिथूनच कुज शिरते. आंबा तीन-चार सेंटिमीटर देठासह निघाला तर चीक जवळजवळ बाहेर येत नाही. खाली सावलीत बसलेल्या माणसाने मग एकेक फळ हातात घ्यायचं, देठाची बाजू खाली धरायची आणि कात्रीने देठ अर्धा-एक सेंटिमीटर ठेवून छाटायचा. पहिले थेंब पाण्यासारखे पातळ आणि वेगाने येतात, तेच सर्वांत जास्त भाजणारे. नंतर तो दाट, पांढुरका होऊन थांबतो. फळं देठ खाली करून बांबूच्या जाळीवर किंवा पालथ्या क्रेटवर तासभर ठेवा, म्हणजे उरलेला चीक सालीला न लागता निथळतो. त्यानंतर स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत कोरडी करा.

हाच चीक माणसाच्या कातडीलाही भाजतो. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत आणि तिघांच्याही चिकाने अनेकांना पुरळ उठतं. हाताला खोबरेल तेल लावून, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून कामाला बसा आणि डोळ्याला हात लावू नका. चीक लागलाच तर लगेच साबणाने धुवा.

वेळ सकाळची, दव सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधीची. उतरवलेला आंबा उन्हात तापू देऊ नका, तापलेल्या जमिनीवर तर मुळीच ओतू नका. क्रेटमध्ये तळाला वर्तमानपत्र किंवा पेंढा घाला आणि दोन-तीन थरांपेक्षा जास्त भरू नका. एकाच दिवशी अख्खं झाड उतरवण्याचा मोह टाळा. चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन तोड्यांत काढलं तर फळही एकसारखं तयार मिळतं आणि घरात पिकणारा आंबाही पंधरा-वीस दिवस पुरतो. आंबा पुरवून खाण्याची खरी युक्ती अढीत नाही, ती या तोड्यांत आहे.

अढी

अढीत घालण्याआधी निवड करा. डागी, फुटलेली, चीक ओघळलेली, देठ मुळातून निघालेली फळं बाजूला काढा. ती कैरीच्या कामाला लावा. माशीने टोचलेल्या फळावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आणि त्यातून आलेला चिकाचा बारीक खडा दिसतो, तेही वेगळं.

पावसाळी हवेत किंवा दरवर्षी काळे डाग पडत असतील तर एक उपाय फार गुणाचा आहे. ५० ते ५२ अंश सेल्सिअस गरम पाण्यात आंबे ५ ते १० मिनिटं बुडवून काढायचे, साध्या पाण्यात गार करायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. करप्याची बुरशी सालीत दबा धरून असते, ती यात मरते. अंदाजाने करू नका, थर्मामीटर लावा. पाणी त्याहून गरम झालं तर साल भाजते आणि गार असेल तर उपयोग होत नाही.

जागा अंधारी, कोरडी, हवेशीर हवी. जमिनीवर चार बोटं जाडीचा कोरडा पेंढा किंवा वाळलेलं गवत पसरा, त्यावर आंब्यांचा एक थर, देठ खाली आणि फळं एकमेकांना न चिकटता. वर पुन्हा पातळ पेंढा. हवं तर दुसरा थर, तिसरा नको. पेंढा ओला किंवा बुरसटलेला असेल तर वास फळाला लागतो, म्हणून आधी दोन दिवस उन्हात वाळवून घ्या. पेंढा नसेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले तरी चालतं, खोक्याला भोकं असली म्हणजे झालं.

आंबा स्वतःच इथिलीन वायू सोडतो आणि त्यावर पिकतो. काही फळं मागे राहिली तर त्यांच्यात दोन पिकी केळी ठेवा, तेवढं पुरतं. कॅल्शियम कार्बाइड घरात आणूसुद्धा नये. त्यातून अ‍ॅसिटिलीन निघतो, सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसची विषारी संयुगं येऊ शकतात, आणि आंबा नुसता रंगाने पिकतो.

तिसऱ्या दिवसापासून रोज अढी तपासा. हाताने दाबू नका, दाबलेल्या जागा काळ्या पडतात, नाक वापरा. देठाजवळ गोड वास आला की तो आंबा बाहेर काढा. नासलेला एक जरी दिसला तरी त्याच्या आजूबाजूची चार-पाच फळं पुसून वेगळी ठेवा. कच्चा आंबा फ्रिजमध्ये घालू नका: १२-१३ अंशांखालच्या थंडीत त्याची पिकण्याची क्रियाच बिघडते आणि साल करडी पडते. पूर्ण पिकल्यावर मात्र फ्रिजमध्ये चार-पाच दिवस छान टिकतो.

खाणं, वाटणं आणि मागे ठेवणं

रायवळ आंब्याला बहुधा धागे असतात आणि रस पातळ. तो कापून खाण्याचा नाही. अर्धा तास पाण्यात भिजवा, मग हलक्या हाताने सगळीकडून मऊ करा, देठाचं टोक तोडा, पहिले दोन थेंब पिळून टाका आणि मग चोखा. पहिले थेंब टाकण्याचं कारण तोच चीक. लहान मुलांच्या ओठांभोवती येणारं पुरळ याने बरंच टळतं.

वाटणीचं आधी ठरवा. जुन्या झाडावर भावाभावांचा, चुलत्यांचा हक्क असतो आणि ऐन हंगामात त्यावरून मनं दुखावतात. उतरवण्याची तारीख सगळ्यांना आठवडाभर आधी कळवावी, वाटे झाडाखाली सगळ्यांसमोर पाडावेत, आणि आकाराने नव्हे तर प्रत्येक वाट्यात मोठी, मध्यम, डागी फळं सारख्या प्रमाणात घालावीत. जो येऊ शकत नाही त्याचा वाटा आधी बाजूला काढावा. हे लिहायला साधं वाटतं, पण ज्या घरांत हे पाळलं जातं तिथे झाड तोडायचा विषय निघत नाही.

साठवण्यासाठी सर्वांत सोपा मार्ग गोठवण्याचा. रस काढा, जाड चाळणीतून गाळून धागे वेगळे करा, अर्ध्या किलोच्या पिशव्यांत भरा, हवा काढून पिशव्या चपट्या करा आणि उणे १८ अंशाला ठेवा. वर्षभर चव टिकते. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटते. एकदा सुटलेला रस पुन्हा गोठवू नये.

बाटलीत भरायचा असेल तर आंबटपणाकडे लक्ष द्या. फार गोड, आंबटपणा नसलेल्या आंब्याच्या रसात धोकादायक जंतू वाढू शकतात. किलोला ५ ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळा, रस ढवळत उकळी येईपर्यंत तापवा, निर्जंतुक केलेल्या गरम बाटल्यांत गरमच भरा, घट्ट झाकणं लावा आणि बाटल्या उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा. झाकण फुगलं किंवा उघडताना फस्स झालं तर चव न पाहता टाकून द्या.

आंबापोळीला रायवळचा रस उत्तम, कारण त्यात आंबट-गोड दोन्ही असतं. ताटाला तुपाचा हात फिरवून रसाचा पातळ थर द्या, कडक उन्हात पातळ कपड्याखाली सुकवा, तो पूर्ण सुकल्यावरच दुसरा थर. घाईने ओल्यावर ओलं घातलं की मधल्या थराला बुरशी येते. डागी आणि गळलेल्या कैऱ्या सोलून, काप करून, मीठ चोळून उन्हात वाळवल्या की आंबोशी होते आणि वर्षभर आमटीत पडते.

खाली पडलेला किडका आंबा झाडाखाली कुजू देऊ नका. फळमाशीची अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि त्यातून पुढची पिढी उठते. रोज संध्याकाळी गळ वेचा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा, मग खोल पुरा. फळं अंड्याएवढी झाल्यापासून मिथाइल युजेनॉल या नर माशांना ओढणाऱ्या रसायनाचे सापळे टांगले तर त्या त्यात अडकतात आणि माशीची वाढ कमी होते.

फळ संपल्यावर झाडाचं देणं

झाडाकडे बघायची खरी वेळ आंबे संपल्यावर असते. आधी वाळक्या काटक्या आणि जुन्या मोहोराच्या काड्या काढा. मग बांडगूळ शोधा. दुरून पाहिलं की एखाद्या फांदीवर वेगळ्याच पानांचा दाट झुबका दिसतो, तेच ते. त्याची मुळं आंब्याच्या फांदीत शिरून तिचं पाणी आणि अन्न शोषतात, म्हणून नुसतं ओरबाडून उपयोग नाही. जिथे चिकटलंय त्याच्या वीतभर खालून फांदीच कापावी लागते. हे त्याला फळं पिकण्याआधी करा. फुलटोच्या पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बिया दुसऱ्या फांद्यांवर पुसतो.

बुंध्याला भोक आणि खाली लाकडाचा चुरा दिसला तर आत भिरूड आहे. वाकवलेली तार आत घालून अळी ओढून काढा, भोकात रॉकेलचा बोळा सारा आणि वरून चिखलाने लिंपा. जुनी झाडं अचानक वाळतात ती बहुतेक याच किडीमुळे.

मोठी छाटणी पाऊस संपल्यावर करा. मध्यभागी सरळ वर गेलेल्या एक-दोन फांद्या काढल्या की आत ऊन जातं आणि खालच्या फांद्यांना पालवी फुटते. एका वर्षात पाव घेरापेक्षा जास्त कापू नका. फांदी आधी खालून थोडी कापावी, मग वरून, म्हणजे तुटताना खोडाची साल सोलत जात नाही.

प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत विरघळवून तिसऱ्या भांड्यात एकत्र ओता. आता स्वच्छ लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे आणि ते सालीला जाळेल. चुन्याची निवळी घालत जा, पातं स्वच्छ निघेपर्यंत. फ्रान्समधल्या बोर्डो इथल्या द्राक्षबागांत केवडा या रोगावर हे मिश्रण लागू पडतं, हे पिएर मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली जाहीर केलं, आणि आजही ब्रश घेऊन घरच्या माणसाला लावता येईल असं याहून भरवशाचं औषध मला माहीत नाही. तयार केलेलं त्याच दिवशी संपवा.

खत बुंध्याशी टाकू नका. अन्न घेणारी मुळं तिथे नसतात. दुपारी फांद्यांची सावली जिथे संपते त्या कडेला वीतभर खोल चर गोल खणा आणि पहिल्या पावसात ५० किलोच्या आसपास कुजलेलं शेणखत त्यात घालून बुजवा. गळलेला पालापाचोळा जाळू नका, तिथेच पसरू द्या.

झाड पुढे न्यायचं असेल तर

कोय लावून तेच झाड मिळेल ही आशा बहुतेक वेळा फसते, कारण कोयीत परक्या परागाचा वाटा असतो. तीच चव हवी तर कलमच बांधावं लागतं. अडचण अशी की जुन्या झाडाला कलमाजोगी जोमदार डहाळी नसते. म्हणून आधीच्या वर्षी एक-दोन मध्यम फांद्या छाटून ठेवा. तिथे जी पालवी फुटेल तिची तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, शेंड्याचा डोळा फुगलेली डहाळी कलमाला घ्या. तोडण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून कापा.

कोय कलम पावसाळी दमट हवेत बांधतात. कोणत्याही रायवळ आंब्याच्या ताज्या कोया रेतीत पुरा. महिनाभर पडून राहिलेली कोय सहसा रुजत नाही. रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस असताना कोयीपासून पाच-सात सेंटिमीटरवर छाटा, मधोमध तीन-चार सेंटिमीटरचा उभा काप घ्या, डहाळीच्या टोकाला तेवढीच पाचर करून त्यात बसवा आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. निदान एका बाजूची साल सालीला मिळालीच पाहिजे. कोय मातीत पुरून रोप पिशवीत लावा, सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत डोळा फुटतो. पहिल्यांदा करत असाल तर दहा बांधा, कारण सगळी जगणार नाहीत. हात बसलेला नसेल तर डहाळ्या ओल्या फडक्यात आणि वर प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याच दिवशी जवळच्या रोपवाटिकेत द्या.

जागा नसेल तर तीच डहाळी अंगणातल्या दुसऱ्या आंब्यावरही बांधता येते. उत्तर प्रदेशातल्या मलिहाबादच्या कलीमुल्ला खान यांनी एकाच झाडावर ३००हून अधिक जाती अशाच कलमांनी जोपासल्या आहेत. घरच्यासाठी दोन-तीन फांद्या पुरे.

नवं कलम मूळ झाडाच्या सावलीत लावू नका, निदान दहा मीटर लांब न्या. जोड जमिनीच्या वर राहील असं लावा, काठीचा आधार द्या, जोडाखालून येणारे फुटवे दिसतील तसे खुडा, आणि पहिली तीन वर्षं मोहोर आला तर तो काढून टाका.